बालरुग्णांसाठी निसर्गचित्रे : आपटा परिसराच्या निमित्ताने

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. दसऱ्याच्या दिवशी ज्याची पाने सोने म्हणून वाटली जातात त्या वृक्षाचे आणि या गावाचे नाव एकच. जवळच कर्नाळ्याचा सुळका असून त्याच्या पायथ्याचे वन १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे २००३ साली त्याचे क्षेत्र वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. येथील हिरव्या पार्श्वभूमीमुळे आपटा रेल्वे स्थानकाकडे चित्रपट निर्मात्यांचेही लक्ष गेले. १९९५ मधील ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातील अखेरचा प्रसंग याच स्थानकावर चित्रित झाला आहे. दूरच्या माणसांनी येऊन टिपून न्यावा असा हा निसर्ग गावातील आजारी मुलाच्या वाट्याला, दवाखान्याच्या चार भिंतींच्या आत, कितपत येतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

आपटा येथील प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या ग्रामीण केंद्रात येणाऱ्या बालकांपैकी पुष्कळशी आजारी नसतातच. ती लसीकरणासाठी आलेली असतात. जन्मानंतर सहा, दहा व चौदा आठवड्यांनी, नंतर नवव्या महिन्यात, पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि शेवटी पाच ते सहा वर्षांच्या वयात त्यांना यावे लागते. सहा आठवड्यांचे अर्भक सुईचे दुःख लवकर विसरते. दीड वर्षाचे मूल मात्र खोली ओळखते, आणि पाच वर्षांचे मूल दारातच पाय रोवून उभे राहते. सभोवतालच्या ठाकूर व कातकरी वाड्यांवरून येणाऱ्या मातेच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ रडण्याचा नसतो. तिने त्या दिवसाची मजुरी सोडलेली असते. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांच्या व अन्य कामांसाठी घर सोडतात, ती पुढील पावसाच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबातील मूल भीतीपोटी एकदा परत गेले, तर पुढील मात्रेची वेळ साधणे कठीण होऊन बसते. दवाखान्याच्या भिंतीवर काय असावे या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीचा संबंध असा थेट लसीकरणाशी पोहोचतो.

रुग्णाच्या दृष्टीसमोर काय असते याचा त्याच्या प्रकृतीवर परिणाम होतो, ही कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात रंग, फुले आणि खिडकीबाहेरचे दृश्य यांची रुग्णाला वाटणारी ओढ नोंदविली असून, हा परिणाम केवळ मनावर नव्हे तर शरीरावरही होतो असे आग्रहाने प्रतिपादले आहे. या निरीक्षणाला मोजमापाची जोड मिळण्यास मात्र सव्वाशे वर्षे लागली. अमेरिकन संशोधक रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या, वय, लिंग आदी बाबतींत जुळणाऱ्या, २३ जोड्या त्यांनी निवडल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, तर दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत, आणि पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. ‘सायन्स’ या नियतकालिकात १९८४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांची संख्या लहान होती आणि ते सर्व प्रौढ होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

मुलांची आवड कशी असते याविषयी मोठ्यांच्या समजुती पुष्कळदा चुकीच्या ठरल्या आहेत. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी चार ते सोळा वर्षे वयाच्या सुमारे अडीचशे मुलांना रुग्णालयाच्या सजावटीबद्दल विचारले. विदूषकांची चित्रे मुलांना आवडत नाहीत, काहींना तर त्यांची भीती वाटते, असे त्यातून २००८ साली पुढे आले. त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वय कोणतेही असो, मुलगा असो वा मुलगी, बहुसंख्य मुलांनी ओळखू येणाऱ्या निसर्गचित्रांना पसंती दिली. अमूर्त आकृत्या त्या मानाने मागे पडल्या. आपल्याकडे बालकांसाठी म्हणून रंगविलेल्या भिंतींवर परदेशी व्यंगचित्रपटांतील उंदीर आणि बदके यांची गर्दी असते. ती नमुन्यावरून उतरविलेली असल्याने बहुधा वेडीवाकडी आणि डोळे वटारलेली दिसतात. ज्या मुलाच्या वाडीवर रोज पहाटे खरा भारद्वाज घुमतो त्याच्यापुढे हे उसने बदक कशासाठी, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

आपटा परिसरासाठी चित्रांचा शोध दूर घ्यावा लागणार नाही. अंगभर पिवळा आणि डोळ्याजवळ काळी रेघ असलेला हळद्या, कपाळ तांबडे असलेला हिरवा तांबट, निळा खंड्या, शेपटीला दोन लांब पिसे मिरवणारा कोतवाल, हे सारे कर्नाळ्याच्या रानातील रहिवासी आहेत. छोटा तिबोटी खंड्या तर पावसाळ्यात विणीसाठी येथे येतो, आणि त्याच्या इतके रंग एका मुठीएवढ्या पक्ष्यात क्वचितच सापडतील. महाराष्ट्राचे राज्यफूल तामण, राज्यप्राणी शेकरू आणि राज्यफुलपाखरू नीलवंत यांनाही या भिंतीवर हक्काची जागा आहे. नदीतील मासे, खेकडे आणि करवंदाची जाळी कातकरी मुलाला शहरी मुलापेक्षा अधिक ठाऊक असतात. दवाखान्यात आपल्याला माहीत असलेले काहीतरी आहे, हे त्याला प्रथमच जाणवेल. आपट्याचे पान तर मध्ये दुमडल्यासारखे, दोन सारख्या पाकळ्यांचे. पहिलीतील मूलही ते न चुकता काढू शकते.

काय काढू नये याचाही विचार हवा. साप आणि विंचू हे निसर्गाचेच घटक, परंतु कोकणात याच दोन प्राण्यांच्या दंशाने मुले दवाखान्यात आणली जातात. लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या बालमृत्यूंवर महाड येथे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी केलेले संशोधन सर्वश्रुत आहे. जे चावले तेच भिंतीवर दिसावे, हे त्या मुलावर अन्यायाचे होईल. झेप घेणारा वाघही इंजेक्शनच्या खोलीत नको.

वारली चित्रकलेचा मोह अशा वेळी हमखास होतो. विवाहप्रसंगी सुवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची ही परंपरा. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर नेले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. झाडे, पक्षी, माणसे यांनी भरलेली ही शैली बालकांना रमविणारी आहे यात शंका नाही. मात्र ती वारली समाजाची आहे. आदिवासी म्हणजे वारली चित्र असे समीकरण मांडून ठाकूर-कातकरी वाड्यांच्या दवाखान्यात ते सरसकट रंगविण्यापेक्षा, तेथील वृद्धांना व मुलांना ‘तुमच्या रानात काय दिसते?’ असे विचारणे अधिक योग्य ठरेल.

चित्राची उंची ही बाब बारीक वाटते, पण निम्मे यश तिच्यावर अवलंबून असते. रंगारी उभा राहून रंगवितो, त्यामुळे चित्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. दोन-तीन वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून जेमतेम अडीच ते तीन फुटांवर असते, आणि तेथे नेमका तेलरंगाचा तपकिरी पट्टा असतो. तपासणीच्या टेबलावर निजलेल्या मुलाला तर केवळ छत दिसते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयात शस्त्रक्रियागृहाकडे नेणाऱ्या मार्गिकेवर २०१२ साली असे वन उभारण्यात आले की, भिंतीवरील झाडांआडून प्रकाशाने रेखलेले प्राणी हलताना दिसतात, आणि ते वेगवेगळ्या वयाच्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर बसविलेले आहेत. त्यासाठी लागणारी विद्युत सामग्री ग्रामीण केंद्राला परवडणार नाही. उंचीचा विचार मात्र विनामूल्य आहे.

चित्र नुसते असून भागत नाही, ते वापरावे लागते. सुई टोचताना मुलाचे लक्ष अन्यत्र वळविल्यास वेदना व भीती कमी होते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. लस देण्यापूर्वी परिचारिकेने ‘झाडावर तांबट किती आहेत ते मोज पाहू’ असे म्हटले, तर भिंत कामाला लागली. पानांआड लपलेले दोन-चार पक्षी चटकन न सापडणारे असावेत. तान्ह्या बाळाला अर्थात चित्रापेक्षा आईची कूस आणि स्तनपान यांचाच अधिक उपयोग होतो.

कोकणातील दमट हवेत गेरू व पिठाचे चित्र एका पावसात बुरसटते. उपचारकक्षातील भिंत जंतुनाशकाने पुसता येणे आवश्यक असल्याने तेथे धुता येणारा रंगच वापरावा. त्यातील शिशाचे प्रमाणही पाहून घ्यावे. घरगुती व सजावटीच्या रंगांत ते दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा केंद्र शासनाचा २०१६ चा नियम आहे. गळकी भिंत आधी दुरुस्त करावी. ओल तशीच ठेवून वर रंगविलेला मोर पहिल्याच श्रावणात पोपडे होऊन गळतो.

तारा���ाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, पाने, बिया, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने झाली होती. ती दृष्टी शाळेतून दवाखान्यात नेण्याचे काम शिक्षक करू शकतील. मुलांनी पाने गोळा करावीत, कागदावर आराखडे काढावेत, आणि रंगकाम चित्रकलेच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे. खर्चाचा विषय ग्रामपंचायत व रुग्ण कल्याण समिती यांनी एकत्र बसून ठरवावा. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रथम एकच खोली, लसीकरणाची, निवडावी आणि रंगकामापूर्वी व नंतर काही महिने, ठरलेल्या दिवशी किती मुले आली व किती परत गेली, याची नोंद ठेवावी.

भिंती दसऱ्यानंतर वाळू लागतात आणि मार्गशीर्षापर्यंत रंग धरण्याजोग्या होतात. त्या सुमारास हे काम हाती घेतल्यास, वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे ज्येष्ठात वाड्यांवर परततील तेव्हा खोली तयार असेल.