ईल माशाचे पोट आणि ईलचा धंदा

कापडाचा जाणता व्यापारी थानाची वरची घडी पाहून सौदा करीत नाही. तो थान उलगडतो, ताणा-बाणा बोटांनी चाचपतो, मगच भाव बोलतो. मासळीच्या तिजारतीतही हाच कायदा आहे. जपान आणि युरोपात ईल नावाच्या सापासारख्या लांब माशाला मोठा भाव मिळतो. त्या भावाचे गुपित माशाच्या पोटात आहे, म्हणून आज तेच उलगडून पाहू.

महाराष्ट्रातील नद्यांतही याच घराण्यातील मासा आढळतो. त्याला अहीर म्हणतात. नदीत मिळणारी काटेरी पाठीची वाम मात्र वेगळ्या घराण्यातील आहे.

ईल काय खातो?

नदीतला ईल दिवसा दगडाखाली किंवा चिखलात पडून राहतो आणि रात्री वासाच्या जोरावर शिकार शोधतो. किड्यांच्या अळ्या, गांडुळे, गोगलगायी, झिंगे, माशांची अंडी व लहान मासे हा त्याचा आहार. युरोपातील ईलमध्ये दोन नमुने दिसतात. रुंद डोक्याचे ईल मासे अधिक खातात, तर अरुंद डोक्याचे अळ्या-किड्यांवर अधिक जगतात. थंडीत पाणी फार गार झाले की त्याचे खाणे जवळजवळ थांबते.

पोटाची रचना

ईलचे दात बारीक असतात. ते पकडण्याच्या कामाचे आहेत, कापण्याच्या नव्हेत. शिकार मोठी असेल तर ईल तिला तोंडात घट्ट धरतो आणि स्वतः गरागरा फिरून लचका तोडतो. पुढे लांब, सरळ अन्ननलिका लागते. जठर इंग्रजी वाय अक्षरासारखे असते. एक फाटा अन्ननलिकेकडून येतो, दुसरा आतड्याकडे जातो आणि खालची शेपटी म्हणजे बंद थैली. मोठा घास त्या थैलीत मावतो व सावकाश पचतो. पुष्कळ माशांना जठराच्या तोंडाशी बोटांसारख्या बंद नळ्या असतात. ईलला त्या नसतात. आतडे आखूड व बरेचसे सरळ असते. रोहूचे आतडे मात्र वेटोळ्यांचे आणि शरीराच्या कितीतरी पट लांब असते, कारण त्याचा आहार मुख्यतः वनस्पतीचा आहे.

धंद्याचा पहिला हिशोब येथेच निघतो. रोहू कोंडा आणि पेंडीवर वाढतो. ईलला मांसाहारच लागतो. जपानमध्ये सुरुवातीच्या काळात रेशीम काढून उरलेले कोशातील किडे तळ्यातील ईलला घालीत. रेशीम कारखान्याचा टाकाऊ माल असा कामी येई. आज मासळीच्या पिठाचा मळलेला गोळा घालतात. म्हणजे खाद्याचा खर्च मोठा.

न खाणारा ईल

नदीत कित्येक वर्षे काढल्यावर ईलचा रंग रुपेरी होतो आणि तो समुद्राकडे निघतो. तेव्हा तो खाणे सोडतो व त्याचे आतडे आकसते. युरोपचा ईल सारगासो समुद्रापर्यंतचा सुमारे ५,००० किलोमीटरांचा प्रवास साठवलेल्या चरबीवर करतो, तेथे अंडी घालतो आणि मरतो. नदीत पोट भरले नसेल तर पुढची पिढीच नाही.

पिल्लांची अडचण

खरी अडचण पिल्लांची आहे. जपानच्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली ईलची अंडी प्रयोगशाळेत उबवली. पण पानासारख्या चपट्या पिल्लांना काय भरवावे हे कळेना. शार्कच्या अंड्यांपासून केलेली पातळ पेस्ट त्यांना मानवली आणि काचेसारखी पारदर्शक पिल्ले तयार होऊ लागली, तोवर जवळजवळ ३० वर्षे गेली. प्रयोगशाळेत वाढलेल्या ईलपासून पुढची पिढी मिळायला २०१० साल उजाडले. आजही तळ्यात वाढणारे जवळजवळ सर्व ईल समुद्रातून आलेली पिल्ले पकडूनच वाढवलेले असतात.

ही पकड आणि नद्यांवरची धरणे यांचा परिणाम दिसला. युरोपात किनाऱ्यावर येणारी पिल्ले १९८० नंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २००९ पासून युरोपी ईलच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याचे बंधन आले आणि २०१० च्या अखेरीस युरोपीय संघाने बाहेरची निर्यात बंद केली. तरी चोरटा व्यापार चालूच राहिला.

व्यापारी बंधूंनी काय विचारावे?

ईल पालनाची योजना घेऊन कोणी भागीदारी मागायला आला, तर नफ्याचा आकडा ऐकण्याआधी तीन सवाल करावेत. पिल्ले कोठून येणार आणि त्यांचे परवाने कोठे आहेत? खाद्यात मासळीचे पीठ किती आणि त्याचा भाव काय? माल विकत घेणारा कोण, आणि त्याचा करार लेखी आहे काय? पहिल्याच सवालाला सरळ जवाब मिळाला नाही, तर आपली रक्कम गल्ल्यातच राहू द्यावी. ज्या मालाचे बी आपल्या हातात नाही, त्या मालाचा भाव आपल्या हातात येत नाही.