गच्चीवरच्या बागेत सगळ्यांचा वाटा

अगं, सोसायटीने गच्चीवर भाजी लावायला परवानगी दिली हे ऐकून फार बरं वाटलं. पण रोपवाटिकेत जाण्याआधी माझं थोडं ऐक. किती किलो भाजी निघेल, हा हिशेब सध्या मनातून काढून टाक. अख्ख्या इमारतीला पुरेल एवढी भाजी तिथे पिकणार नाही. त्या बागेकडून मागायचं ते वेगळंच आहे: किड्यांपासून माणसांपर्यंत सगळ्यांना तिथे वाटा मिळावा.

सुरुवात लिंबू आणि कढीपत्त्याने कर. पावसाळ्यात त्यांच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतील. मोठ्या झाल्या की त्या हिरव्यागार होतात. कुणीतरी लगेच फवारणीचा पंप काढेल. काढू देऊ नकोस, ती फुलपाखरांची पिल्लं आहेत. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, तेसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. महाराष्ट्राने 2015 साली त्याला तो मान दिला, पण त्याच्या अळ्यांसाठी पानं तुला-मलाच राखावी लागतील.

चवळीवर काळा मावा आला तरी थोडी कळ काढ. मागोमाग ढालकिडे येतात आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. विष मारलंस तर मावा झपाट्याने परत येईल, ढालकिड्यांना मात्र वेळ लागेल.

दुधीचं नीट समजून घे. त्याची नर आणि मादी फुलं वेगळी, मादी फुलामागे इवलासा दुधी दिसतो. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, रात्रीच्या पतंगांसाठी. लाल भोपळ्याची पिवळी फुलं सकाळची, मधमाश्यांची. उंच गच्चीवर हे पाहुणे आले नाहीत, तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकव. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नकोस, थोडी कोथिंबीरही फुलू दे. लहान मधमाश्या तिथे येतातच.

आता माणसांचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002च्या सुमारास बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून तिथेच माती तयार झाली, आणि बाग जोपासली ती तिथल्याच कर्मचाऱ्यांनी. मला त्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तुमचे वॉचमनकाका, घरकामाला येणाऱ्या मावशी, यांच्यातल्या कितीतरी जणांनी गावी शेतात राबलेलं असेल. त्यांना नुसतं पाणी घालायला लावू नकोस. काय कधी पेरायचं ते त्यांना विचार, आणि भाजी निघाली की त्यांचा वाटा आधी काढ. गच्चीची किल्लीही एकाच घरात अडकू देऊ नकोस. वर यावंसं वाटणाऱ्या एकट्या आजोबांना दर वेळी कुणाची बेल वाजवायला लागली, तर ते येणंच सोडतील.

आणि हो, ओली माती भयंकर जड असते. वाफे करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला गच्ची दाखव. माती कमी घे. सुका पाला आणि रसवंतीवरचा उसाचा चोथा जास्त. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नकोस, डास झाले की बागेवर पहिली तक्रार तीच येईल.

मृगाआधी पाला कुजायला लागला पाहिजे. सध्या रस्त्याच्या कडेला ढिगांनी पाला पडतोय आणि लोक तो पेटवून देतात. या रविवारी चार जणांना सोबत घे आणि पोती भरून तो गच्चीवर आण.