वलगणीतील शिंगटी : ओळख, अधिवास आणि जपणूक

मृगाचा पाऊस झाला, खाचरे भरून वाहू लागली की कोकणात वलगणीचे मासे धरण्याची धांदल उडते. गोराई, मनोरीसारख्या खाडीकाठच्या पट्ट्यात आढळणारी शिंगटी हा असाच एक मासा. शास्त्रीय नाव मिस्टस गुलिओ. ऐन विणीच्या दिवसांतच ती धरली जाते, म्हणून शेतकरी बंधूंनी तिचा जीवनक्रम समजून घेणे हिताचे आहे.

ओळख : अंगावर खवले नसतात. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात. पाठीवर एक व कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंस एकेक टणक काटा असतो. बाजारात येणारी शिंगटी बहुधा वीतभर किंवा त्याहून लहान असते. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात तिचे प्रथम वर्णन केले.

अधिवास व अन्न : ही निमखाऱ्या पाण्यात वाढते, तशीच गोड्या पाण्यातही तगते. खाड्या, तिवरांखालचा चिखल, चर व तळी ही तिची ठिकाणे. तळाशी राहून ती किड्यांच्या अळ्या, बारीक कोळंबी, शेवाळ व कुजके सेंद्रिय पदार्थ खाते.

वीण : पावसाने पाण्याचा खारेपणा उतरला की वीण सुरू होते. मादी नरापेक्षा मोठी व पोटाने फुगीर दिसते. एक मादी हजारो अंडी घालते. अंडी चिकट असल्याने ती पाणवनस्पतींना चिकटून राहतात.

काय करावे?

1. खारभूमीतील क्षार धुण्यासाठी पहिल्या पावसाचे पाणी उघाडीतून सोडावे, मात्र उघाडीच्या तोंडाशी आडवे जाळे लावू नये.

2. पोट फुगलेल्या माद्या पाण्यात सोडाव्यात.

3. चरातील सर्व गवत एकदम काढू नये. एका कडेचे राखावे.

4. भातावर कीटकनाशक फवारल्यावर खाचरातील पाणी चरात किंवा तळ्यात सोडू नये.

5. काटा लागल्यास जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी व डॉक्टरांना दाखवावे.

केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेच्या पश्चिम बंगालमधील काकद्वीप केंद्राने शिंगटीचे बीज तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. परंतु विकतच्या बीजाला पैसे पडतात. वलगणीतील मादी वाचवली तर खाडी तेच बीज फुकट देते.