माशांचे रोगजंतू औषधास दाद का देत नाहीत?

कटला, रोहू व मृगळ यांच्या तळ्यात कधी कधी माशांच्या अंगावर जखमा दिसतात व पोटे फुगतात. अशा वेळी दुकानातून प्रतिजैविक औषध आणून ते खाद्यात मिसळले जाते. प्रथम गुण येतो; पुढे मात्र मात्रा वाढवूनही मासे मरतात. याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

एरोमोनस जातीचे जंतू तळ्याच्या पाण्यात असतातच. औषधाने त्यांतील बहुतेक मरतात. परंतु जे थोडे चिवट असतात ते जगतात व त्यांचीच संतती वाढते. हा चिवटपणा एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीसही देऊ शकतात. शिवाय आजारी मासा खाणे सोडतो, त्यामुळे औषधाचा बराचसा भाग पाण्यात व गाळात जाऊन तेथेही चिवट जंतूच उरतात. मासे हाताळताना हातावरील जखमेतून असे जंतू माणसाच्या शरीरात शिरल्यास त्याच्या दुखण्यावरही तेच औषध निरुपयोगी ठरते.

सर्व जखमा जंतूंमुळेच होतात असेही नाही. भारतात 1988 साली आलेल्या लाल चट्ट्यांच्या रोगाचे मूळ बुरशीसारखा जीव आहे. प्रतिजैविकाने तो मरत नाही.

नॉर्वेत 1987 साली सामन माशांच्या शेतीत सुमारे 48 टन प्रतिजैविके खर्ची पडली. पुढे माशांस लस टोचण्याची पद्धत रूढ झाली. आता उत्पादन वीसपटीहून अधिक असूनही हा खर्च वर्षाला एक टनाहून कमी असतो.

आपल्या तळ्यांसाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. बोटुकली सोडण्यापूर्वी तळे सुकवून गाळ काढावा व चुना टाकावा.
2. हेक्टरी 5,000 ते 10,000 बोटुकलीच सोडावी. दाटी करू नये.
3. कोंबड्यांची ताजी विष्ठा तळ्यात टाकू नये. कोंबड्यांस दिलेली औषधे व चिवट जंतू तिच्यावाटे पाण्यात उतरतात.
4. मेलेले मासे रोज काढून चुना घालून पुरावेत.
5. हातावर जखम असल्यास मासे हाताळू नयेत; मासा पूर्ण शिजवूनच खावा.

मासे मरू लागल्यास ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास दुकानाकडे न पाठविता मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास कळवावे व रोगाची परीक्षा करवून घ्यावी. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांस मत्स्यशेतीत बंदी आहे, हेही त्यास सांगावे. औषध हे अखेरचे साधन होय. ते जपून वापरले तरच गरजेच्या वेळी उपयोगी पडेल.