ऐकताना ‘बट’ सोडू नका!

मित्रांनो, इंग्रजीच्या श्रवण चाचणीत दोघांचे बोलणे ऐकवतात आणि कुणाचे मत काय, ते विचारतात. मागच्या खेपेला आमच्यातल्या बऱ्याच जणांचे उत्तर चुकले. शब्द सगळे ओळखीचे, तरी चुकले! कसे ते बघा.

बदलापूरची दोन मुले सहलीविषयी बोलत आहेत.

राजू : आय लाइक द अंबरनाथ टेम्पल. इट इज निअर.
मीना : यस, इट इज निअर. बट वुई वेन्ट देअर लास्ट इअर. लेट अस गो टु बारवी डॅम.
राजू : ओके, बारवी डॅम.

मीनाला कुठे जायचे आहे? ‘यस’ ऐकले की आपण झटकन ‘देऊळ’ लिहितो. पण तिचा होकार फक्त ‘जवळ आहे’ एवढ्यालाच. तिचे खरे मत ‘बट’च्या पुढे आहे.

माहिती आणि मत यांचीही गल्लत नको. देऊळ इ. स. १०६० चे, ही माहिती. ते राजूला आवडते, हे मत.

म्हणून कागदावर दोन रकाने आखा : राजू आणि मीना. ज्याचे मत त्याच्याखाली एकच शब्द लिहा. मत बदलले तर खोडू नका, बाण काढून पुढे नवे लिहा. ‘राजूला आधी काय हवे होते?’ असेही विचारतात ना!

पालकहो, तुम्हांला इंग्रजी येत नसले तरी चालेल. जेवताना भाजीवरून दोघांनी दोन मते सांगा आणि विचारा, “कोण काय म्हणाले?” कान घरीच तयार होतो.