खेळता खेळता मुलांची स्मरणशक्ती वाढवू या



"किती सांगितलं तरी ह्याच्या डोक्यात राहत नाही," असे आपण पुष्कळदा मुलासमोरच बोलून जातो. चार-पाच वर्षांचे ते लेकरू बाकी काही विसरले तरी हे वाक्य मात्र विसरत नाही. म्हणून आज आम्ही सांगतो : स्मरणशक्ती जन्माने किंवा जातीने कायमची ठरलेली नसते. मोठ्यांबरोबर बोलून, खेळून तिला वळण लागते.

आपल्या मंगळवेढ्यात हे वेगळे सांगायची गरज नाही. ज्यांना अक्षर नाकारले त्या चोखोबा-सोयराबाईंचे शब्द लोकांनी पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवून जपले. बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत. भगवान बुद्धांचा उपदेशही शेकडो वर्षे भिक्खूंनी पाठांतरानेच सांभाळला.

तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी दोन-तीन गोष्टी ध्यानात धरता येतात, पाच-सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार. "हात धू, चप्पल ठेव, दार लाव, आजीला बोलाव," असे एका दमात सांगितले की शेवटचे काम राहून जाते. यात मुलाची चूक नाही, त्याचे वय लहान आहे. एकेक काम सांगा.

पुढील तीन खेळांना पैसा लागत नाही :

1) काय गेले? ताटात चमचा, बांगडी, कांदा, वाटी मांडा. मुलाला नावे घेऊ द्या. कापडाने झाकून एक वस्तू काढा आणि विचारा, "काय गेले?" जमले की एक वस्तू वाढवा.

2) बाजारला गेलो. "मी बाजारातून ज्वारी आणली." मूल म्हणेल, "ज्वारी आणि हरभरा." पुढचा म्हणेल, "ज्वारी, हरभरा आणि करडई." साखळी तुटली की हसून पुन्हा सुरुवात करा.

3) टाळी-चुटकी. टाळी, चुटकी, मांडीवर थाप, याच क्रमाने मुलाने करून दाखवावे. मोठ्या मुलाने उलट्या क्रमाने करावे.

या खेळांनी मूल एका रात्रीत हुशार होत नाही. पण लक्ष देणे, क्रम धरणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे यांचा सराव होतो. पुढे शाळेत हातचा धरताना किंवा लांब वाक्य वाचताना याच सवयी लागतात. खेळाची परीक्षा करू नका. चुकले म्हणून दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, मणी, गोट्या देऊ नका, घशात अडकतात.

ज्वारीच्या काढणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना वेळ कुठला, हे आम्ही जाणतो. भाकरी थापता थापता दहा मिनिटे 'बाजारला गेलो' खेळता येते. आजी आणि थोरली ताईही खेळू शकते.

मूल शांत बसावे म्हणून मोबाईल हाती देणे सोपे वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसवू नये, आणि कमी तितके चांगले. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात 10 ते 13 तास झोप हवी. अंगात लोह कमी असेल तर मूल मलूल राहते, लक्ष लागत नाही. भाकरीबरोबर पालेभाजी, मटकी, हुलगा द्या, वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको.

मूल हाकेला ओ देत नसेल, बोलणे उशिरा येत असेल किंवा आधी येणारे विसरू लागले असेल, तर त्याला 'मठ्ठ' म्हणू नका आणि अंगारे-धुपारे, महागडे टॉनिक यांत पैसा घालू नका. अंगणवाडी ताईंना सांगा आणि तपासणीच्या पथकाकडून किंवा सरकारी दवाखान्यात कान, डोळे, रक्त तपासून घ्या.

रविवारी विहारात वंदना झाली की मुलांना लगेच घरी पाठवू नका. पंधरा मिनिटे ताट मांडा आणि विचारा, "काय गेले?"

जय भीम! नमो बुद्धाय!