वनवास : बाहेरचा आणि अंतरीचा

पुराणेतिहासांतील प्रवास हे चित्ताच्या अवस्थांचे रूपक मानून वाचण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. सोळाव्या शतकात श्रीएकनाथमहाराजांनी भावार्थरामायणात कौसल्येला सद्विद्या, तर कैकेयीला अविद्या म्हटले. त्याच दृष्टीने पाहता अयोध्या म्हणजे विकारांना अजिंक्य असे चित्त, सुवर्णमृग म्हणजे दुरून सोज्ज्वळ दिसणारी वासना आणि लंका म्हणजे अहंकाराचा कोट होय.

परंतु हा अर्थ निसरडा आहे. त्याचा दुरुपयोग कसा होतो, हे भिलाईसारख्या नगरीत सहज उमगते. परंपरेने मानलेले दंडकारण्य याच छत्तीसगढच्या दक्षिण भागात येते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना ठरला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. उदरनिर्वाहासाठी नाना प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा घरी वनवास ही केवळ कथा राहत नाही.

समजा, एखादा गृहस्थ नित्य रामायण वाचतो आणि म्हणतो, ‘वन मनातच आहे, आप्तांचा मोह हेच बंधन.’ इकडे गावी वृद्ध माता त्याच्या निरोपाची वाट पाहत असते. त्याने ज्याला वैराग्य म्हटले, तो वस्तुतः आळस होय. श्रीराम वनात गेले ते पित्याचे वचन पाळण्यासाठी, आणि अवधी संपताच भरताला दिलेल्या शब्दाप्रमाणे परतले. वचन आणि परतणे ही दोन्ही वगळली, तर उरते ते रूपक नव्हे, निमित्त होय.

मग खरा लाक्षणिक अर्थ ओळखावा कसा? कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम व इंद्रियांना अश्व म्हटले आहे. गीतेतही रथ आहे. पण उभय सेनांमध्ये उभा केल्यावर उपदेश संपेपर्यंत तो तसूभरही हलत नाही. अर्जुनाचा सर्व प्रवास अंतरीचा आहे: विषादापासून निःसंशय अवस्थेपर्यंत. तथापि त्याची परिणती रण सोडण्यात होत नाही. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस तो भगवंतांची आज्ञा पाळण्यास सिद्ध होतो. हीच कसोटी. जो अर्थ मनुष्याला त्याच्या कर्तव्यापाशी आणून सोडतो तो ग्राह्य. जो त्यापासून दूर नेतो तो त्याज्य.

दल्ली-राजहराच्या खाणीतील खनिज भिलाईस येते. केवळ प्रवासाने त्याचे लोखंड होत नाही. भट्टीच्या तापात धातुमळी वेगळी होते, तेव्हाच होते. ग्रंथातील प्रवासाचेही तसेच आहे.

म्हणून साधकाने कांड वाचून झाल्यावर स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. आज माझा सुवर्णमृग कोणता? आणि माझे कोणते वचन अद्याप पाळावयाचे राहिले आहे? पहिल्याचे उत्तर मनात शोधावे. दुसऱ्याचे मात्र त्याच दिवशी कृतीने द्यावे.